भिरंड, सोलां, आगळ: गोव्याच्या स्वयंपाकघरातील घटकांची ऑन्टॉलॉजी कशी रचावी

भिरंडाच्या एका झाडापासून गोव्याच्या स्वयंपाकघरात निदान चार वस्तू येतात. उन्हाळ्यात पिकलेले फळ येते. त्याची साल उन्हात वाळवून, फळाच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून सोलां होतात, ज्यांना महाराष्ट्रात आमसूल म्हणतात. सालीला मीठ लावून सुटलेला दाट रस म्हणजे आगळ, आणि बियांपासून निघते ते भिरंडेल, जे एरवीच्या हवेतही घट्ट राहते. सामानाची यादी करणारा माणूस या चारही वस्तूंपुढे ‘कोकम’ एवढेच लिहून मोकळा होतो आणि त्याचे काही अडत नाही, कारण हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, काय पडते आणि टाचेच्या भेगांना काय लावतात हे त्याला ठाऊक असते. संगणकाला ते ठाऊक नसते. ते त्याला नेमकेपणाने सांगण्याची रीत म्हणजे ऑन्टॉलॉजी.

टॉम ग्रुबर यांनी १९९३ साली ऑन्टॉलॉजीची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की एखाद्या क्षेत्राविषयी आपल्या मनात जी कल्पनांची मांडणी असते, तिचे उघड आणि नेमके लेखन म्हणजे ऑन्टॉलॉजी. साध्या वर्गवारीत ‘अमुक हा तमुकचा प्रकार’ एवढेच सांगता येते. ऑन्टॉलॉजीत वर्गांबरोबर त्यांच्यातील संबंध आणि त्या संबंधांचे नियमही लिहिले जातात, आणि त्या नियमांवरून संगणक स्वतः निष्कर्ष काढू शकतो. हा लेख अशी ऑन्टॉलॉजी प्रथमच रचणाऱ्यांसाठी आहे. त्यात मी एकाच गोष्टीचा आग्रह धरणार आहे: घटक काय आहे आणि घटक काय करतो, हे दोन प्रश्न पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

आधी प्रश्न, मग वर्ग

संगणकावर पहिला वर्ग तयार करण्याआधी कागदावर प्रश्न लिहून काढावेत. ग्रुनिंगर आणि फॉक्स यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. ऑन्टॉलॉजी पूर्ण झाल्यावर तिने ज्या प्रश्नांची उत्तरे दिलीच पाहिजेत, ते प्रश्नच तिची हद्द ठरवतात. गोव्यातल्या एखाद्या खाणावळीसाठी, घरगुती मसाले करणाऱ्या बचतगटासाठी किंवा पाककृतींच्या संग्रहासाठी काम करायचे असेल, तर प्रश्न साधारण असे निघतील. आगळ संपले तर हुमणात आंबटपणासाठी दुसरे काय घालता येईल? गहू वर्ज्य असलेल्या माणसाला हे वरण चालेल का? या जेवणात शिंपल्याचा अंश कोठे आहे? माडापासून आलेले सगळे घटक कोणते? एकादशीच्या ताटात यांतले काय वाढता येईल?

असे पंधरावीस प्रश्न पुरेत. काय करायचे नाही, हेही त्याच कागदावर लिहावे. भाव, साठा आणि पोषणमूल्ये यांना या कामात जागा देऊ नये. पोषणमूल्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय खाद्यघटक तक्त्यांत ५२८ खाद्यपदार्थांची माहिती आहे. आपल्या घटकाशी तिथल्या नोंदीचा दुवा जोडला की काम भागते, आकडे उतरवून घेण्याची गरज नसते.

शब्द गोळा करणे

प्रश्न ठरल्यावर शब्द गोळा करावेत. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, घरातल्या वडीलधाऱ्यांची पाककृतींची वही आणि किराणा दुकानाची यादी, या तीन ठिकाणी फिरले की बहुतेक शब्द हाती येतात. प्रत्येक शब्द ज्या रूपात ऐकला त्याच रूपात टिपावा. या टप्प्यावर काही सुधारू नये आणि एका रूपाखाली दुसरे दडपूही नये.

गोव्यात मराठी आणि कोकणी एकाच चुलीशी बोलल्या जातात, त्यामुळे शब्दांचे घोटाळे इथे अधिक होतात. ‘माडी’ हा शब्द घ्या. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या माणसाला माडी म्हणजे माडाचा आंबलेला रस, ज्याला गोव्यात सूर म्हणतात. गोव्यातल्या बाजारात मात्र माडी नावाचा कंद मिळतो, जो सोलून, कापून भाजीत घालतात. ‘तोर’ म्हणजे गोव्यात कोवळी कैरी, जी मिठाच्या पाण्यात मुरवतात. मराठी पाककृती टंकणाऱ्याने तिथे ‘तूर’ केली की कैरीच्या लोणच्यात डाळ येऊन पडते. विदर्भातल्या वाचकाला ‘सोले’ म्हणजे ओले दाणे, तर गोव्यातल्या ‘सोलां’चा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

म्हणून नाव आणि वस्तू यांची फारकत करावी. प्रत्येक संकल्पनेला निरर्थक अंकी ओळखक्रमांक द्यावा आणि नावे त्याला चिकटवावीत. २००९ साली वेबच्या मानकसंस्थेने, म्हणजे डब्ल्यूथ्रीसीने, शिफारस केलेल्या एसकेओएस या मानकात नावांचे तीन प्रकार आहेत: मुख्य नाव, पर्यायी नाव आणि छुपे नाव. एका भाषेत मुख्य नाव एकच असते, पर्यायी नावे कितीही चालतात, आणि शोधताना उपयोगी पडणारी चुकीची लेखनरूपे छुप्या नावांत जातात. मराठी आणि कोकणी यांना वेगवेगळे भाषासंकेत द्यावेत. रोमी कोकणीतील नावे घेणार असाल तर लिपीचा संकेतही जोडावा, नाहीतर एकाच भाषेत दोन मुख्य नावे होऊन तपासणीत चूक दिसते. मुख्य नाव मराठी असावे की कोकणी, यावर वेळ दवडू नये. ओळखक्रमांक कायम राहतो, मुख्य नाव उद्या बदलता येते.

तयार काय आहे ते पाहणे

खाद्यघटकांची वर्गवारी हा नवा उद्योग नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात लँग्वाल ही पद्धत सुरू झाली. तिच्यात पदार्थाला एकाच खणात न टाकता त्याचे वर्णन निरनिराळ्या पैलूंनी केले जाते: तो कोणत्या जिवापासून आला, त्याचा कोणता भाग घेतला, त्याची भौतिक स्थिती काय, उष्णता किती दिली, टिकवला कसा. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची फूडएक्सटू ही पद्धतही मूळ नोंदीला पैलू जोडण्याच्या तत्त्वावर चालते. फूडऑन ही मुक्तपणे वापरता येणारी ऑन्टॉलॉजी असून ती लँग्वालच्या पायावर उभी आहे, आणि जीवजातींची नावे ती एनसीबीआय या अमेरिकेतील जैवमाहिती केंद्राच्या वर्गीकरणातून घेते.

यांतले उसने घेण्यासारखे ते निःसंकोच घ्यावे. जीवजातींचे वर्ग स्वतः बनवू नयेत. भिरंडाचे झाड म्हणजे गार्सिनिया इंडिका, तिरफळाचे झांथोक्सायलम रेट्सा, बांगडा म्हणजे रास्ट्रेलिगर कानागुर्ता, ही ओळख बाहेरच्या क्रमांकाशी जोडली की जगातल्या इतर माहितीशी आपोआप दुवा जुळतो. मात्र संपूर्ण फूडऑन आयात करून तिच्याखाली आपले घटक लटकवण्याच्या फंदात पडू नये. हजारो वर्गांच्या गर्दीत आपले साठ घटक दिसेनासे होतात आणि निष्कर्षयंत्र, म्हणजे नियमांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम, रेंगाळते. लागतील तेवढेच वर्ग उचलून आणावेत.

चार अक्ष

आता मुख्य रचना. प्रत्येक घटकाचे वर्णन चार अक्षांवर करावे: स्रोत, भाग, प्रक्रिया आणि स्थिती. आगळाची नोंद करायची झाली तर ती अशी दिसेल:

घटक: आगळ
स्रोत: भिरंडाचे झाड
भाग: पिकलेल्या फळाची साल
प्रक्रिया: मीठ लावून रस सुटू देणे
स्थिती: द्रव
सोबतचा घटक: मीठ

तर्काच्या भाषेत हीच नोंद अशी होते: आगळ म्हणजे असे खाद्यद्रव्य, जे काही भिरंडसालीपासून बनले आहे, ज्यावर मीठ लावण्याची काही प्रक्रिया झाली आहे आणि जे द्रव आहे. यातला ‘काही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘निदान एक तरी’ असा होतो. ही भाषा २००४ मध्ये मानक झाली आणि तिची दुसरी आवृत्ती २००९ मध्ये आली.

चार अक्ष पुरतात का, याची खरी परीक्षा माड घेतो. शहाळ्याचे पाणी, किसलेल्या ओल्या नारळाची सोय, तिच्यापासून काढलेला रस, सुके खोबरे आणि खोबरेल हे सारे फळापासून येते. सूर मात्र फळापासून येत नाही, ती न उमललेल्या फुलोऱ्याला, म्हणजे पोयीला, छेद देऊन काढतात. सुरीपासून माडाचा गूळ होतो, माडाची फेणी होते, आणि सूर आंबवून जो शिर्को, म्हणजे व्हिनेगर, तयार होतो तो रेशाद मसाल्यात पडतो. आता ‘नारळापासून आलेले घटक’ आणि ‘माडापासून आलेले घटक’ हे दोन प्रश्न यंत्राला विचारले, तर उत्तरे वेगवेगळी आली पाहिजेत. पहिल्यात शिर्को नको, दुसऱ्यात हवा. ज्या रचनेत ‘नारळ’ हा एकच वर्ग आहे आणि बाकी सगळे त्याचे प्रकार आहेत, तिला हा भेद सांगताच येणार नाही.

इथे तीन संबंध काटेकोरपणे वेगळे ठेवावे लागतात. मानकुराद हा आंब्याचा प्रकार आहे. साल हा भिरंडाचा भाग आहे. खोबरेल हे खोबऱ्यापासून बनलेले आहे. तिन्हींना एकाच उतरंडीत बसवणे ही नवशिक्याची सर्वांत सामान्य चूक, कारण झाडासारख्या आकृतीत तिन्ही सारखेच दिसतात. ‘पासून बनलेले’ हा संबंध संक्रमणशील ठेवावा, म्हणजे सूर, शिर्को अशी साखळी यंत्र स्वतःच माडापर्यंत नेईल. ‘भाग’ या संबंधाला मात्र तीच मोकळीक विचार करून द्यावी.

तिरफळाने शिकवलेले

आमच्या पहिल्या आराखड्यात फळ, भाजी आणि मसाला असे तीन वर्ग होते, आणि ते परस्परवर्ज्य आहेत असे आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने जाहीर केले होते. परस्परवर्ज्य म्हणजे एका वर्गातली वस्तू दुसऱ्यात असूच शकत नाही. निष्कर्षयंत्र चालवले तेव्हा तिरफळ लाल अक्षरांत दिसू लागले. लाल अक्षरांचा अर्थ असा की या वर्गात कोणतीही वस्तू असणे तर्कतः अशक्य आहे. तिरफळ आम्ही फळाखाली ठेवले होते, कारण ते फळच आहे, आणि मसाल्याखालीही ठेवले होते, कारण बांगड्याच्या हुमणात ते मसाल्याचेच काम करते. त्यातली काळी बी टाकून देतात, वाळलेले टरफल किंचित ठेचून रश्शात सोडतात आणि जेवताना बाजूला काढतात. यंत्राचे म्हणणे बरोबर होते, आमचेच वर्ग चुकीचे होते.

दोष तिरफळाचा नाही, ‘मसाला’ या वर्गाचा आहे. मसाला, भाजी, आंबट, दाटपणा आणणारे हे वस्तूंचे प्रकार नसून त्यांच्या भूमिका आहेत. पिकलेला फणस फळ असतो आणि कच्चा भाजी होतो. निरफणस झाडावरचे फळच, पण गोव्यात त्याच्या कापा तळतात. भूमिकांसाठी वेगळी उतरंड करावी आणि घटकाशी ती ‘भूमिका बजावतो’ या संबंधाने जोडावी. मग एका घटकाला चार भूमिका असल्या तरी विसंगती होत नाही. आगळाला पर्याय काय, या प्रश्नाचे उत्तरही इथूनच मिळते, कारण सोलां, चिंच, बिंबल, तोर आणि शिर्को ही सगळी ‘आंबटपणा आणणारा’ या भूमिकेत भेटतात. अर्थात भूमिका एक असली म्हणून अदलाबदल नेहमी चालेलच असे नाही. सोलकढीत चिंच घालणाऱ्याला कोणतीही ऑन्टॉलॉजी वाचवू शकत नाही. म्हणून भूमिकेला पदार्थाचा संदर्भ जोडता येईल अशी सोय ठेवावी.

परस्परवर्ज्य नियम जिथे निसर्गानेच रेघ ओढली आहे तिथेच लावावा: वनस्पती, प्राणी, बुरशी, खनिज. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी ओळमी भाजीवालीच्या टोपलीत पालेभाजीशेजारी दिसली, तरी ती बुरशी आहे. मिठागरातले मीठ खनिज आहे. या चार वर्गांवर आम्ही आजतागायत अडलेलो नाही.

उपास, शिवराक आणि हिरवा ठिपका

भूमिकेपेक्षाही निसरडा प्रांत म्हणजे रूढी. वऱ्याचे तांदूळ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तृणधान्यच, तरी पुष्कळ घरांत ते उपासाला चालतात. गहू आणि तांदूळ चालत नाहीत. साबुदाणा कसाव्याच्या कंदातील स्टार्चपासून बनतो आणि तोही चालतो. याचे कारण घटकाच्या स्रोतात, भागात किंवा प्रक्रियेत शोधून सापडणार नाही, कारण ते तिथे नाहीच. ‘उपासाचे पदार्थ’ असा घटकांचा वर्ग न करता ‘अमुक रूढीनुसार अमुक प्रसंगी चालते’ अशी नोंद करावी आणि ती कोणाची रूढी आहे हे तिच्यासोबत लिहावे. मग दोन घरांची मते वेगळी असली तरी दोन्ही नोंदी सुखाने नांदतात.

शिवराक जेवणाचेही तसेच. मासे-मांस नसणे हा त्याचा गाभा, पण काही दिवशी कांदा-लसूणही वर्ज्य होतो. वेष्टनावरचा हिरवा ठिपका ही तिसरीच गोष्ट. त्याची व्याख्या कायद्याने केली आहे, तिच्यात दूध बसते आणि कांदा-लसणाचा प्रश्नच येत नाही. या दोन्ही संकल्पना एकाच वर्गात कोंबल्या, तर पुढे कोणाच्या तरी ताटात नको ते पडेल.

हिंगातला मैदा

संमिश्र घटक हा या कामातला सर्वांत कष्टाचा भाग आहे, आणि इथे चूक झाली तर ती केवळ कागदावर राहत नाही. रेशाद मसाला हा माशात भरताना एक घटक आहे, पण त्याच्या आत सुकी मिरची, लसूण, आले, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, साखर आणि शिर्को असे पोटघटक आहेत. म्हणून ‘घटक’ या संबंधाला स्वतःच्याच आत पुन्हा उतरता आले पाहिजे.

आता ते वरण घ्या. तूरडाळ, हळद, मीठ, नारळाचा रस, फोडणीला मोहरी आणि चिमूटभर हिंग. पाहणाऱ्याला यात गहू कोठेच दिसत नाही. बाजारात मिळणारे हिंग मात्र बहुधा शुद्ध नसते, ते डिंक आणि मैदा किंवा तांदळाचे पीठ यांच्यात मिसळून बनवलेले असते. डबीवर मैदा लिहिला असेल तर वरणात गहू आला. म्हणून ‘हिंग’ हा एक वर्ग न ठेवता शुद्ध हिंग, मैद्याचे मिश्र हिंग आणि तांदळाच्या पिठाचे मिश्र हिंग असे तीन करावेत. पाककृतीत नुसते ‘हिंग’ लिहिले असेल तर त्यांपैकी कोणते हे गृहीत धरू नये.

गृहीत धरण्याचा हा मुद्दा ओडब्ल्यूएलच्या मुळाशी आहे. आपल्या सवयीच्या डेटाबेसमध्ये जे नोंदलेले नाही ते नाही, असे मानतात. ओडब्ल्यूएलमध्ये जे नोंदलेले नाही ते माहीत नाही, असे मानतात. त्यामुळे ‘ज्यात गव्हाचा अंश नाही असा पदार्थ’ हा वर्ग तुम्ही कितीही नेटका लिहिला, तरी यंत्र त्यात आपणहून एकही पदार्थ टाकणार नाही. पदार्थात ‘केवळ हेच घटक आहेत, याखेरीज काही नाही’ असे वेगळे विधान करावे लागते, आणि ते विधान पोटघटकांपर्यंत पोहोचलेले असावे लागते. अनेकांना हा त्रास वाटतो. मला ती सुरक्षेची कडी वाटते. लेबल वाचून माहिती भरणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की पाच टक्क्यांहून कमी असलेल्या संमिश्र घटकाचे पोटघटक लिहिण्यातून नियमांत सूट मिळू शकते, म्हणजे लेबलवरची यादी नेहमीच तळापर्यंत गेलेली नसते. म्हणून वर्ज्य घटकाच्या प्रश्नाला ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ अशी तीन उत्तरे ठेवावीत, आणि तिसरे उत्तर पडद्यावर पहिल्याइतक्याच ठळकपणे दाखवावे.

गोव्याच्या दृष्टीने आणखी एक बारकावा आहे. भारतीय लेबल नियमांतल्या ॲलर्जीच्या यादीत मासे आहेत आणि कवचधारी, म्हणजे सुंगटां-कुर्ल्या, आहेत. तिसऱ्या, खुबे आणि शिनाणे हे मृदुकाय वर्गातले असून युरोपच्या १४ घटकांच्या यादीत त्यांचे स्वतंत्र नाव आहे. भारतीय यादीत ते वेगळे दिलेले नाही. म्हणून दोघांना मिळून ‘शेलफिश’ असा एकच वर्ग करण्याचा मोह टाळावा. वर्ग जीवशास्त्राप्रमाणे दोन ठेवावेत आणि याद्या वेगळ्या नोंदवून त्या त्या वर्गाशी जोडाव्यात.

तपासणी आणि पुढची देखभाल

साधनांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्रोटेजे हे मोफत साधन सुरुवातीला पुरते, आणि हर्मिट हे निष्कर्षयंत्र त्यातच चालते. पहिल्या दिवशी लिहिलेला प्रत्येक प्रश्न स्पार्कल या शोधभाषेत लिहून ठेवावा आणि प्रत्येक बदलानंतर सगळे प्रश्न पुन्हा चालवावेत. नोंदी अर्धवट राहिल्या आहेत का, हे मात्र निष्कर्षयंत्र सांगत नाही, कारण माहिती नसणे ही त्याच्या लेखी चूकच नाही. त्यासाठी २०१७ मध्ये मानक झालेले शॅकल वापरावे. ‘प्रत्येक घटकाला निदान एक स्रोत असलाच पाहिजे’, ‘संमिश्र घटकाची यादी पूर्ण तपासली आहे की नाही हे लिहिलेच पाहिजे’ अशा अटी त्यात घालता येतात.

आणखी एक परीक्षा संगणकाविना करावी. बाजारातून वीस घटक आणावेत, रचनेचे नियम दोन माणसांना वेगवेगळे वाचायला द्यावेत आणि दोघांकडून स्वतंत्रपणे वर्गवारी करून घ्यावी. त्यांतली एक व्यक्ती रोज स्वयंपाक करणारी असावी. जिथे दोघांची उत्तरे जुळत नाहीत, तिथे बहुतेक वेळा वर्गाची व्याख्याच पोकळ असते.

एकदा प्रसिद्ध केलेला ओळखक्रमांक कधी पुसू नये आणि दुसऱ्या वस्तूला देऊ नये. आमच्याकडे ‘माडी’ हा एकच क्रमांक सुरुवातीचे काही महिने कंदालाही लागला होता आणि सुरीलाही, कारण पाककृती भरणारे दोघे खाडीच्या दोन काठांवरचे होते. चूक लक्षात आली तेव्हा तो क्रमांक ‘वापरातून काढला’ अशी खूण करून तसाच ठेवला, दोन नवे क्रमांक दिले, आणि जुन्या नोंदीत दोघांकडे बोट दाखवणारा दुवा लिहिला. मग त्या क्रमांकाच्या सगळ्या पाककृती एकेक उघडून वाचल्या. जिथे ‘सोलून फोडी कराव्यात’ असे लिहिले होते तिथे कंदाचा क्रमांक घातला, आणि जिथे सान्नांचे, म्हणजे इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाचे, पीठ रात्रभर फुगवायचे होते तिथे सुरीचा.